नैरोबीत नळाला पाणी का येत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातून कुणाचं इकडे यायचं ठरलं किंवा बातम्यांत केनियाचं नाव आलं, की व्हॉट्सॅपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. फक्त नैरोबीबद्दल लिहितोय, कारण आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि मला त्यातलं हे एक शहर बऱ्यापैकी कळतं. दुसऱ्या शहरांबद्दल खाली थोडंसं आहे, तेवढ्यावर भागवा. पैशाचा हिशोब करताना एक केनियन शिलिंग म्हणजे साधारण ६५-७० पैसे धरा.

शहर चालवतं कोण? महापौर आहे का?

नाही, २०१३ पासून महापौर हे पदच नाही. २०१० च्या राज्यघटनेनं देशात ४७ काउंट्या केल्या, नैरोबी त्यातली एक. थेट लोकांनी निवडलेला गव्हर्नर असतो आणि ८५ वॉर्डांतून निवडून आलेले एमसीए असतात, म्हणजे आपल्याकडचे नगरसेवक म्हणा ना.

कागदावर हे छान दिसतं. पण रस्ता खराब असेल तर आधी शोधायचं की रस्ता कुणाचा, कारण हायवे केंद्राच्या एका संस्थेकडे, शहरातले मोठे रस्ते केंद्राच्याच दुसऱ्या संस्थेकडे आणि आतले गल्लीबोळ काउंटीकडे. बालवाडी काउंटीची पण प्राथमिक शाळा केंद्राची. वॉर्डातला दवाखाना काउंटीचा पण केन्याटा नॅशनल हॉस्पिटल केंद्राचं. पोलीस केंद्राचे. वीज केन्या पॉवरची, त्यात निम्म्याहून थोडा जास्त वाटा केंद्र सरकारचा. घरात पाणी पोचवणारी कंपनी काउंटीची, पण मोठी धरणं-बोगदे बांधते ती अथी वॉटर नावाची संस्था परत केंद्राची. त्यात शहराच्या १७ खासदारांकडे स्वतःचा विकास निधी असतो, तो ते आपल्या मनाने वापरतात. म्हणजे काम झालं की फीत कापायला पाच जण हजर आणि नाही झालं की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

पाणीच कमी आहे का? दुष्काळ वगैरे?

थोडं खरं, बरंचसं नाही.

शहराचं बहुतेक पाणी उत्तरेकडे मुरांगा काउंटीतल्या न्डाकाइनी धरणातून येतं. ते १९९४ चं, क्षमता साधारण ७ कोटी घनमीटर. शहराला रोज मिळतं ५२ कोटी लिटरच्या आसपास आणि गरज ८० कोटी लिटरच्या वर. २०१९ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४४ लाखांच्या जवळ होती आणि १९९४ नंतर बरीच वर्षं नवीन मोठं काही बांधलंच नाही, त्यामुळे तूट आहे हे मान्य.

पण जे पाणी शहरात येतं त्यातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त पाण्याचं बिलच होत नाही. काही फुटक्या पाइपांतून जातं, बाकीचं चोरीला जातं. आता बघा, उत्तरेकडून आणखी पाणी आणायला ११.८ किलोमीटरचा बोगदा खणला, त्यातून रोज १४ कोटी लिटर जास्तीचं येईल असा हिशोब होता, त्यावर अब्जावधी शिलिंग घातले, राजकारण पण पेटलं, २०१५ मध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते राइला ओडिंगांनी जाहीर आरोप केला की या बोगद्यामुळे मुरांगाचं वाळवंट होईल, आणि मुरांगाचे तेव्हाचे गव्हर्नर म्हणाले की पाणी आमचं आहे तर महसुलात आमचा वाटा द्या. हे सगळं त्या १४ कोटी लिटरसाठी. आणि त्याच वेळी त्याहून जास्त पाणी शहराच्या आत हिशोबाबाहेर जात होतं, त्यावर एकही मोर्चा नाही. बोगद्याचं उद्घाटन करता येतं, गळती थांबवली तर फोटो कशाचा काढणार?

झोपडपट्टीत पाणी श्रीमंतांपेक्षा महाग पडतं म्हणतात, ते कसं?

पडतं. मीटर असलेल्या घरात सुरुवातीच्या टप्प्यात हजार लिटर पाण्याचे शंभर शिलिंगही लागत नाहीत. किबेरात किंवा मुकुरूत पाणी २० लिटरच्या पिवळ्या कॅनने विकत घ्यायचं. बरे दिवस असले तर कॅनला २ ते ५ शिलिंग, टंचाई असली की १०, २०, कधी त्याहूनही जास्त. ५ शिलिंगचा भाव धरला तरी हजार लिटरला अडीचशे होतात, आणि कॅन भरून घरापर्यंत वाहून न्यायची मेहनत वेगळीच.

जवळून बघितलं तर हे असं दिसतं. पत्र्याचं एक खोपटं, त्यात काळी प्लास्टिकची टाकी, बाहेर एक नळ आणि कॅनची लांब रांग. नळ सोडणारा माणूस मालक नसतो, पगारावर बसवलेला असतो. टाकीत येणारा पाइप शोधत मागे गेलात तर बोटाएवढ्या जाडीच्या प्लास्टिक पाइपांचा एक गुंता दिसतो, दहा-बारा पाइप एकत्र, सगळे उघड्या गटारातून आलेले, कारण गल्लीत दुसरीकडे जागाच नाही. जोड सायकलच्या ट्यूबच्या रबराने बांधलेले. पाणी चालू असतं तेव्हा जोडातून बाहेर गळतं. कंपनीने पुरवठा बंद केला की पाइपातलं प्रेशर जातं आणि तोच जोड गटारातलं पाणी आत ओढून घेतो. मग दुसऱ्या दिवशी पहिले काही कॅन कुणाच्या वाट्याला येतात त्यांची पोटं बिघडतात. यावर उपाय म्हणून किबेरातल्या शोफ्को या संस्थेने पाण्याचे पाइप चक्क खांबांवरून, डोक्याच्या वरून नेले, म्हणजे गटाराचा संबंध नाही आणि कुणी मधेच भोक पाडलं तर सगळ्या गल्लीला दिसतं.

कार्टेल कार्टेल म्हणतात ते कोण? पोलीस पकडत का नाहीत?

कार्टेल म्हटलं की आपल्याला हातात कोयता घेतलेला भाई आठवतो. तसले पण आहेत, पण ते सगळ्यात खालचे. मुख्य लाइनला चोरून जोड द्यायचा तर व्हॉल्व्ह कधी उघडणार, कुठे खणायचं हे आतल्या माणसालाच माहीत असतं, त्यामुळे साखळी पाणी खात्याच्या फील्डवरच्या माणसापासून सुरू होते. मग पाइप टाकणारी पोरं, टाकीचा मालक, टँकरवाला, वस्तीतला चीफ (हा केंद्र सरकारचा नोकर बरं का), आणि निवडणुकीत या सगळ्यांकडून पोरं आणि पैसा घेणारा पुढारी. प्रत्येकाचा वाटा ठरलेला.

आता धाड पडते, पडत नाही असं नाही. पाइप कापतात, टीव्हीवर दाखवतात, आठवड्याभरात ये रे माझ्या मागल्या. कारण पाइप कापला की त्या वस्तीला पाणी देणारं दुसरं कुणीच नसतं, लोकच ओरडायला लागतात. चोर म्हणा काय म्हणा, पाणी तोच आणतोय. मला विचाराल तर या शहराचं खरं दुखणं हेच आहे, टंचाईवर इतक्या जणांचं पोट चालतं की ती संपवण्यात कुणालाच घाई नाही, आणि ज्यांना घाई आहे त्यांच्या हातात व्हॉल्व्ह नाही.

जमिनीचं पण तसंच. किबेराची जमीन मुख्यतः सरकारी, राहणारे बहुसंख्य भाडेकरू, आणि खोल्यांचे मालक बाहेर कुठेतरी. त्यांत सरकारी नोकर आणि राजकारणी आहेत हे अभ्यासक १९८० च्या दशकापासून लिहितायत. भाडं रोख मिळतं, पाणी-संडास द्यायची जबाबदारी नाही, असा धंदा कोण सोडेल?

शहर लष्कराच्या जनरलला दिलं होतं हे खरं का?

खरंय.

२०१७ मध्ये माइक सोंको गव्हर्नर झाले. गळ्यात सोन्याच्या साखळ्या, मागे स्वतःची रेस्क्यू टीम, अँब्युलन्स, गरिबांत प्रचंड लोकप्रिय. अध्यक्ष उहुरू केन्याटांच्याच पक्षाचे. डेप्युटी गव्हर्नरने काही महिन्यांतच, जानेवारी २०१८ मध्ये राजीनामा दिला आणि सोंकोंनी ती जागा वर्षानुवर्षं रिकामीच ठेवली, का तर डेप्युटी नसला की आपल्याला काढणं अवघड. डिसेंबर २०१९ मध्ये भ्रष्टाचाराच्या केसमध्ये त्यांना वोई गावाजवळ अटक झाली, जामीन मिळाला पण कोर्टाने सांगितलं की ऑफिसात पाय ठेवायचा नाही. झालं, गव्हर्नर ऑफिसबाहेर, डेप्युटी नाहीच, सही कोण करणार?

२५ फेब्रुवारी २०२० ला स्टेट हाउसमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या निवासस्थानी, सोंकोंनी एका करारावर सही केली आणि आरोग्य, वाहतूक, नियोजन आणि सार्वजनिक बांधकाम-सेवा ही चार खाती केंद्राला देऊन टाकली. म्हणजे राहिलं काय? मार्चमध्ये नैरोबी मेट्रोपॉलिटन सर्व्हिसेस, एनएमएस, नावाची नवी संस्था आली आणि प्रमुख म्हणून हवाई दलातले मेजर जनरल मोहम्मद बाडी. नंतर सोंकोंना आपण काय सही करून बसलो ते कळलं, मग ते एनएमएसच्या बजेटवर सही करेनात, जाहीर तू तू मैं मैं सुरू झालं. डिसेंबर २०२० मध्ये काउंटी असेंब्लीने आणि मग सिनेटने महाभियोग लावून त्यांना घरी पाठवलं.

लक्षात घ्या, सोंको आणि अध्यक्ष केन्याटा दोघंही एकाच पक्षाचे होते. त्यामुळे हे सत्ताधारी विरुद्ध विरोधक असलं साधं गणित नाही. राजधानी आहे, देशाच्या अर्थव्यवस्थेचा चौथा हिस्सा तरी इथे आहे, प्रत्येक अध्यक्षाला हे शहर आपल्या हातात हवं असतं. आधीही झालंय, १९८३ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष मोई यांच्या सरकारने सिटी काउन्सिल बरखास्त करून नेमलेलं कमिशन बसवलं ते १९९२ पर्यंत.

मग जनरलने काम केलं का? हुकूमशाहीच बरी असं आमचे काका म्हणतात.

काकांना नमस्कार सांगा. काम दिसलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. झोपडपट्ट्यांत बोअरवेल खणल्या, दीडशेच्या वर, पाणी फुकट. मुकुरूत रस्ते, ड्रेनेज. गावातले फुटपाथ चालण्यासारखे झाले. वस्त्यांमधल्या नव्या हॉस्पिटलांची घोषणा झाली, काही उभी राहिली, काही अर्धवट.

पण बोअरवेलला मोटर लागते, मोटरला वीज, विजेचं बिल कोण भरणार हे आधी ठरलेलं नव्हतं. नैरोबीच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे ही जुनी माहिती आहे, मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात त्याने. आणि तक्रार करायची कुणाकडे? जनरलला तुम्ही मत दिलेलं नाही, त्याला पाडताही येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मुदत संपली, एनएमएस बंद, सगळं नव्या गव्हर्नरकडे, जॉन्सन सकाजांकडे, कर्मचारी आणि थकबाकीसकट.

काउंटीने वीज कंपनीच्या दारात कचरा टाकला ती बातमी फेक होती ना?

अजिबात नाही! फेब्रुवारी २०२५. केन्या पॉवर म्हणे काउंटीने सुमारे ३ अब्ज शिलिंगचं बिल थकवलंय, काउंटी म्हणे तुमचे खांब आणि केबल आमच्या जमिनीवरून जातात त्याचे जवळपास ५ अब्ज तुम्हीच देणं लागता. वीज कापली. मग काउंटीचे कचऱ्याचे ट्रक केन्या पॉवरच्या स्टिमा प्लाझासमोर आले आणि गेटवर रिकामे झाले. दोन सरकारी संस्था हो! नंतर वरून समेट झाला.

मला यातलं विनोदी काय वाटतं सांगू, एरवी वस्त्यांमधून कचरा उचलायला ट्रक नसतात, डिझेल नसतं, पण त्या सकाळी सगळं वेळेवर निघालं.

तो कचरा एरवी जातो कुठे तर डांडोराला. १९७० च्या दशकात सुरू झालेलं डंपिंग ग्राउंड, २००१ मध्येच ते भरल्याचं जाहीर झालं, अजून चालू आहे. तिथे पण वेचणारे, ट्रकवाले, प्रवेशाचे पैसे घेणारे सगळी साखळी आहे, पाण्यासारखीच, परत लिहीत नाही.

पण एक्सप्रेसवे तर झकास झालाय?

झालाय. २७ किलोमीटर, एअरपोर्टच्या बाजूने वेस्टलँड्सपर्यंत, चिनी कंपनीने बांधला, २०२२ मध्ये सुरू झाला, टोल भरला की वीस मिनिटांत पार. खालच्या रस्त्यावर मटाटू, म्हणजे इथल्या खाजगी मिनीबस, तशाच अडकलेल्या असतात आणि शहरातले असंख्य लोक मटाटूनेही जात नाहीत, सरळ चालत जातात. एक्सप्रेसवेला जोडणारा रस्ता हवा म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये मुकुरू क्वा न्जेंगात बुलडोझर घातले, हजारो लोक पावसात उघड्यावर आले. २०२४ च्या एप्रिल-मेच्या पुरानंतर मथारेमध्ये नदीकाठची घरं पाडली तेव्हाही तेच. नदीपासून अंतर ठेवायचा नियम बरोबरच आहे, पण तो सगळ्यात आधी कुणाच्या घराला लागतो ते बघा.

हे सगळं इंग्रजांनी करून ठेवलंय का?

सुरुवात त्यांची. १८९९ मध्ये मोंबासाहून येणाऱ्या रेल्वेचा डेपो म्हणून हे गाव वसलं, दलदलीत, ड्रेनेजचा विचार न करता. इथे एक गोव्याची गोष्ट सांगायलाच पाहिजे. डॉ. रोझेंदो रिबेरो नावाचे गोवेकर डॉक्टर तेव्हा इथे प्रॅक्टिस करत, पेशंट बघायला झेब्र्यावर बसून जात, फोटो आहे त्याचा. १९०२ मध्ये इंडियन बाजारात प्लेग आला तो त्यांनीच ओळखला आणि सरकारला कळवलं. सरकारने उपाय काय केला? अख्खा बाजार जाळला, त्यात त्यांचा दवाखानाही गेला. नळ-गटार घालण्यापेक्षा जाळणं सोपं.

मग गोऱ्यांना पश्चिमेची उंच, हवेशीर जागा, भारतीयांना पार्कलँड्स-न्गाराकडे, आफ्रिकनांना पूर्वेचं ईस्टलँड्स, आणि पाइपलाइनपण त्याच क्रमाने. तो नकाशा आजही बराचसा तसाच आहे. पण १९६३ ला स्वातंत्र्य मिळालं, साठ वर्षं होऊन गेली. इंग्रजांनी वेगळं पाडलेलं जोडायला इतका वेळ पुरे होता की. नवे साहेब त्याच उंचावरच्या बंगल्यांत राहायला गेले, त्यांच्या नळाला पाणी येत होतं.

पैसा नाही म्हणून होत नसेल?

पैसा कमी आहे आणि जो आहे तो गळतो, दोन्ही. केंद्राकडून वर्षाला १९-२० अब्ज शिलिंग येतात. मालमत्ता कराचं मूल्यांकन कित्येक दशकं १९८० च्या सुमाराचंच वापरलं, म्हणजे जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले पण कर आजोबांच्या काळातला. ते बदलायला गेलं की मोठे जमीनमालक कोर्टात. दुसरीकडे कंत्राटदारांची थकलेली बिलं ८० अब्जांच्या वर गेलेली, देशातल्या कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त. त्यातली खरी किती आणि न झालेल्या कामांची किती यावर प्रत्येक गव्हर्नर एक समिती नेमतो. बिल ज्याचं आधी निघतं तो पुढच्या निवडणुकीला कामी येतो, हे काय वेगळं सांगायला हवं का.

लोक असल्यांना निवडून का देतात?

लोकांना मूर्ख समजू नका प्लीज. पहिले गव्हर्नर किडेरो मोठ्या कंपनीचे मॅनेजर म्हणून आले, २०१७ ला लोकांनी पाडलं. मग सोंको. मग सकाजा. एकाही गव्हर्नरला लोकांनी अजून दुसरी टर्म दिलेली नाही. जून २०२४ मध्ये तरुण पोरं करवाढीविरुद्ध संसदेपर्यंत पोचली, गोळीबारात माणसं गेली, तेव्हा करवाढीचं विधेयक मागे घेतलं.

पण वॉर्डात राहणाऱ्या बाईला एमसीएकडून नक्की काय मिळू शकतं? मुलीच्या शाळेच्या फीसाठी बर्सरी, मयताला मदत, कंजो, म्हणजे काउंटीचे शिपाई, तिची विक्रीची टोपली उचलून घेऊन गेले तर एक फोन. गटार तो बांधू शकत नाही हे तिलाही माहिताय. मग ती जे मिळतं ते मागते. सप्टेंबर २०२५ मध्ये एमसीए सकाजांवर महाभियोग आणायला निघाले तेव्हा मोठी तक्रार हीच होती की वॉर्डाचा निधी आणि बर्सरी वेळेवर येत नाही. अध्यक्ष रुटो आणि राइलांनी मध्ये पडून ते थांबवलं. (पुढच्याच महिन्यात राइला केरळात उपचार घेत असताना गेले.)

काहीच चांगलं नाही का?

आहे की, आणि त्यात मुंबईचा हात आहे. २००४ मध्ये रेल्वेने किबेरा आणि मुकुरूतल्या रुळालगतच्या लोकांना तीस दिवसांत निघा म्हणून नोटिसा दिल्या. इथल्या झोपडपट्टीवासीयांच्या संघटनेचे, मुंगानो वा वानाविजिजीचे, मुंबईतल्या झोपडपट्टीवासीयांचे नेते जॉकिन अर्पुथम यांच्या चळवळीशी जुने संबंध. मग रेल्वेचे अधिकारी आणि वस्तीतले लोक मुंबईला गेले, लोकलच्या रुळाकडेच्या कुटुंबांचं पुनर्वसन कसं झालं, बायकांनी स्वतः घरोघरी सर्व्हे कसा केला ते बघून आले, आणि हाकलून द्यायच्या ऐवजी मोजून, जागा देऊन हलवायचं असं ठरलं. वेळ खूप लागला, पण झालं.

मुकुरूचं पण तसंच. २०१७ मध्ये तो भाग विशेष नियोजन क्षेत्र जाहीर झाला, लाखभर कुटुंबं, दहा-दहा घरांचे गट करून लोकांनी स्वतः आराखडा केला. आणि गंमत बघा, त्यातले रस्ते-गटारं बांधली कुणी तर त्या जनरलच्या एनएमएसने. लोकांचा प्लॅन तयार होता, पैसा आणि हुकूम एकाच माणसाकडे होता, जमून गेलं. पण बुलडोझर घातलेलं मुकुरू क्वा न्जेंगाही त्याच नियोजन क्षेत्रात होतं, म्हणजे आराखडा असला की सगळे वाचतात असंही नाही.

कंपाला, लागोसमध्ये असंच?

युगांडाच्या राजधानीत, कंपालात, २०११ पासून खरा अधिकार अध्यक्षांनी नेमलेल्या एक्झिक्युटिव्ह डायरेक्टरकडे, निवडलेला लॉर्ड मेयर शोभेला. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथला कितीझीचा कचऱ्याचा डोंगर कोसळून तीसहून जास्त माणसं मेली, मग डायरेक्टर काढले. नायजेरियातल्या लागोसमध्ये उलटं झालं, २००४ मध्ये केंद्राने स्थानिक संस्थांचा निधी अडवला, तर टिनुबूंच्या राज्य सरकारने स्वतःचा कर गोळा करायचं यंत्र इतकं तयार केलं की पुढे केंद्राची गरजच कमी झाली. टिनुबू आज देशाचे अध्यक्ष आहेत, बाकी तुम्हीच समजून घ्या.

आम्ही नैरोबीला राहायला येतोय, फ्लॅट बघताना काय विचारू?

लिफ्ट आणि व्ह्यू नंतर बघा. आधी विचारा की कंपनीचं पाणी आठवड्यात कुठल्या वारी येतं, कारण एरियाप्रमाणे वार ठरलेले असतात. इमारतीची बोअरवेल आहे का, टाकी किती लिटरची, टँकर मागवावा लागला तर पैसे भाड्यात की वेगळे, आणि जनरेटरवर पाण्याचा पंप चालतो का फक्त लिफ्ट. एजंट सगळ्याला हो म्हणतो, म्हणून खालच्या वॉचमनला वेगळं विचारा, तो खरं सांगतो. बोअरवेलचं पाणी पिऊ नका, लहान मुलं असतील तर अजिबातच नाही, पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पिण्यासाठी वीस लिटरचा जार किंवा आरओ. आणि पुरुष असो की बाई, घरकामाला येणाऱ्या माणसाला संध्याकाळी दोन बाटल्या भरून न्यायच्या असतील तर कपाळाला आठ्या घालू नका, त्यांच्या गल्लीत त्या दिवशी कॅनचा भाव काय होता ते एकदा विचारून बघा.